वाद घालायचा नाही

रक्ताचा अहवाल आला त्या दिवसापासून नीलाबाई बिराजदारांना काही आठवलं आणि ऐकणाऱ्यानं त्यावर मायेनं 'हो हो' म्हटलं, की ती गोष्ट जगातून निघून जाऊ लागली.

पहिली गेली ती जुन्या गिरणीची चिमणी. नीलाबाई गॅलरीत उभ्या होत्या. सून रूपाली दोरीवर कपडे वाळत घालत होती. "या चिमणीचा भोंगा वाजला की आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका एकदम चुलीवर तवा ठेवायच्या," नीलाबाई म्हणाल्या.

"हो हो, आई," रूपाली म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूशी इतक्या गोड आवाजात कधी बोलली नव्हती.

नीलाबाईंनी पुन्हा समोर पाहिलं तर चिमणी नव्हती. पडली नव्हती, कुणी पाडलीही नव्हती. नव्हतीच. तिच्या टोकावर बसणाऱ्या घारी तेवढ्याच उंचीवर हवेत बसून होत्या. थोड्या वेळानं त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या उडाल्या.

"अगं, चिमणी कुठं गेली?"

"कुठली चिमणी?" रूपाली बोलून गेली, आणि लगेच तिनं जीभ चावली. "हो हो, चिमणी. असेल की इथंच कुठंतरी."

तपासणीचं हे खूळ मुलाचं, शिवानंदचं. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, एवढंच निमित्त. मीठ कुणाच्या हातून दोनदा पडत नाही? पण शिवानंदला आपली आजी आठवली. नीलाबाईंची आई, बसव्वा. शेवटची काही वर्षं ती लेकीकडं, याच घरी होती; खाली रस्त्यालगतच्या उंबऱ्यावर बसून असायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "माझी आई आली का?" शिवानंद तेव्हा लहान होता. शाळेतून येताना त्यालाही ती हेच विचारायची, आणि तो मागच्या दारानं घरात शिरायचा.

म्हणून त्यानं आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर अगदी पोरगेलासा होता, पण बोलायला नीट. त्यानं काही शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग ते शब्द पुन्हा म्हणायला लावले. नीलाबाईंनी ते सुलटे म्हटले, उलटे म्हटले, आणि त्यातल्या 'परात' या शब्दावरून आपल्या मावशीच्या लग्नातल्या भांडणाची सगळी हकिगतही सांगितली. डॉक्टर पोट धरून हसला.

मग रक्त घेतलं. अहवाल आल्यावर डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. "आजी, हे विस्मरणाच्या आजाराशी जोडलेलं एक जनुक आहे. प्रत्येकाकडं त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या दोन्ही जोखमीच्या निघाल्या. म्हणजे आजार झालाय असं नाही. होईलच असंही नाही. इतरांपेक्षा शक्यता जास्त, इतकंच. आज तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"वडिलांकडून पण?" नीलाबाईंनी विचारलं. "ते तर चाळिशीच्या आत गेले. त्यांना विसरायला वेळ कुठं मिळाला?"

"म्हणूनच कुणाला कळलं नसेल," डॉक्टर म्हणाला. "आणि तुमच्या दोन्ही प्रती तशा आहेत म्हटल्यावर तुमच्या मुलाकडं एक तरी असणारच. पण त्याचंही तेच. नुसती शक्यता."

हे वाक्य शिवानंदनं ऐकलं आणि तिथंच खुर्चीवर ठेवून दिलं. बाहेर येऊन तो दुसऱ्याच एका रांगेत जाऊन उभा राहिला. ती रांग आधीच सगळं विसरलेल्या माणसांच्या मुलांची होती. तिथं एक बाई त्यांना सांगत होत्या, "पेशंटशी वाद घालायचा नाही. ते जे म्हणतील त्याला हो म्हणायचं." सल्ला दुसऱ्यांच्या आयांसाठी होता. शिवानंदनं तो रुमालात बांधल्यासारखा जपून आपल्या घरी आणला.

आणि घर कुणाचं? बिराजदारांचं! या घरात मीठ मागायचं तरी वाद घालून मागत. नीलाबाई आणि त्यांचे यजमान मल्लिनाथ यांच्यात, आपल्या लग्नात पाऊस पडला होता की नाही, यावर मल्लिनाथ जाईपर्यंत वाद चालला. त्या म्हणायच्या पडला, ते म्हणायचे अक्षता ओल्या होत्या त्या हळदीनं. त्या भांडणानं ते लग्न काल लागल्यासारखं राहिलं होतं.

आता त्या घरात सगळे हळू बोलू लागले.

चिमणीनंतर आरशाचं कपाट गेलं. मग मागची खोली गेली, जिथं शिवानंद जन्मला होता. "सुईण यायच्या आधीच हा आला, याला कुठंही जायची घाईच फार," एवढंच नीलाबाई म्हणाल्या, आणि शिवानंद "हो हो, आई," म्हणाला. खोलीचं दार होतं तिथं सपाट भिंत झाली. भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि ते जुनं असल्यासारखं कडेनं पिवळंही पडलं होतं. नीलाबाईंची खाट त्या खोलीत होती, ती आता स्वयंपाकघराच्या बोळात आली. ती आधीपासून तिथंच होती, असं सगळ्यांचं म्हणणं. फक्त शिवानंद अधूनमधून त्या भिंतीशी थबकायचा आणि त्याचा हात नसलेली कडी चाचपायचा. मग तो हाताकडं बघायचा आणि खिशात घालायचा.

नीलाबाई संतापल्या. आपण विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. आपल्याला सगळं लख्ख आठवतंय, आणि जगच खोटं पडतंय! हा कुठला न्याय? पण संताप आला तरी डोकं शाबूत होतं. हे आपल्या आठवण्यानं होत नाही, 'हो हो'नं होतं, हे त्यांनी लवकरच ताडलं. खात्री करायला त्या दूधवाल्याला म्हणाल्या, "तुझा बाप सायकलवरून दूध घालायचा. घंटी नव्हती म्हणून तोंडानं वाजवायचा."

"काय सांगता काकू!" दूधवाला उसळला. "घंटी होती की! पितळी होती. तोंडानं वाजवायचा तो माझा चुलता."

काही गेलं नाही. उलट जिन्याखाली कुठंतरी पितळी घंटी वाजली, आणि पाठोपाठ कुणीतरी तोंडानंही वाजवली.

तेव्हा नीलाबाईंनी ठरवलं, आईची विहीर या घरात उच्चारायची नाही.

बसव्वा म्हटलं की सगळ्यांना उंबऱ्यावरची म्हातारी दिसायची. नात्यात, गल्लीत, कुणालाही विचारा. त्याआधीची बसव्वा आता फक्त नीलाबाईंजवळ होती. दुपारी मळ्यात सामसूम झाली की ती बसव्वा लुगड्याचा काचा घट्ट मारायची आणि लेकीच्या पाठीला वाळका भोपळा बांधायची. तिला विहिरीत ढकलायची आणि पाठोपाठ स्वतः उडी टाकायची. बायकांनी पोहायचं नाही असा काळ. "पाण्याला काय कळतंय, बाई पडली का बुवा," ती म्हणायची. पाण्यात ती जोरात हसायची, आणि विहीर ते हसू गोल गोल फिरवून वर पाठवायची. एकदा वर कुणीतरी वाटसरू डोकावला. त्याला वाटलं हडळ आहे, आणि तो धोतर सावरत पळाला.

एवढी एक आई नीलाबाईंना राखायची होती. एक 'हो हो' पडला की उंबऱ्यावरची तेवढी उरणार, आणि मग बसव्वा जन्मभर तशीच होती असं होणार.

त्या गप्प झाल्या. चहा हवा तर बोटानं खुणावू लागल्या.

"आता बोलायच्या पण बंद झाल्या," रूपालीनं फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं. ती खरंच रडत होती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, नीलाबाईंच्या मनात आलं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

बोळ अरुंद होत चालला होता. आता कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे.

मग अक्कलकोटहून त्यांची नणंद आली. गौराबाई. दारातूनच तिचा आवाज आला.

"वैनी! बोळात काय झोपायलीस गं? आणि ते कपाट कुठंय, माझ्या दादानं आणलेलं? डाव्या अंगाला आरसा तडकलेलं?"

नीलाबाई धडपडत उठल्या. "उजव्या!"

"डाव्या!"

"उजव्या अंगाला गं! तूच लाटणं फेकलंस आणि तुलाच आठवंना?"

"मी फेकलं? तू फेकलंस! माझ्या डोक्यावर नेम धरून. नेम तुझा कधी बरोबर होता?"

कपाट भिंतीला लागून उभं होतं. आरसा दोन्ही अंगांना तडकलेला होता. नीलाबाईंनी त्यावर हात फिरवला. तडे खरे होते, बोटाला लागले. पूर्वीपेक्षा ते कपाट जडही झालं होतं. त्याच्या भारानं फरशी किंचित खचली होती.

पुढचे दिवस भांडणाचे गेले, आणि नीलाबाई दोन्ही वेळा पोटभर जेवू लागल्या. शेंगांची चटणी कुणाच्या हातची तिखट, मल्लिनाथ पाय ओढायचे की घासायचे, भोंगा सकाळचा मोठा की दुपारचा. घर सैल झालं. चिमणी परत आली ती थोडी वाकडी होऊन, कारण गौराबाईंच्या मते ती सरळ कधीच नव्हती. घारींना बसायला जरा त्रास होत होता.

"तुझ्या आईसारखं काही होत नाहीये तुला," गौराबाई म्हणाली. "तुझी जीभ आहे तशीच आहे, कात्रीसारखी."

नीलाबाईंना वाटलं, हिला विहीर सांगावी. ही भांडेल. पण ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. उद्या सांगू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी शिवानंदनं आत्याला स्वयंपाकघरात बोलावलं. बोळातून सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, तिच्याशी वाद घालू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अरे, ती काय आजारी आहे का?"

"तिच्या रक्तातच आहे. दोन्हीकडून. आपण तिला त्रास द्यायचा का आता?"

नळ सोडल्याचा आवाज आला. गौराबाईनं तोंड धुतलं असावं.

सकाळी ती नीलाबाईंच्या खाटेवर येऊन बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. तिनं कधी कुणाचा हात हातात घेतला नव्हता. नीलाबाई घाबरल्या. तिला जागं करायला, डिवचायला, त्यांनी हाताशी असलेली सगळ्यांत जुनी काडी पेटवली.

"काय गं, माझ्या लग्नात पाऊस पडला होता की नाही? सांग बघू. तुझ्या दादाची बाजू घे."

गौराबाईचे डोळे भरले. "हो हो, वैनी," ती म्हणाली. "पडला होता."

नीलाबाईंच्या हातावर मल्लिनाथांचं नाव गोंदलेलं होतं. तिथली कातडी साधी झाली. गौराबाईनं धरलेला हात सोडला, ती थोडी मागं सरकली आणि अनोळखी बाईकडं बघावं तसं अदबीनं बघू लागली.

"तुम्ही कोण म्हणालात?"

"गौरा! मी तुझी भावजय!"

"माझ्या भावाचं लग्न कुठं झालं होतं, बाई," ती म्हणाली. ती लाजून उठली, तिनं पिशवी घेतली, आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या पाहुणीसारखी चप्पल हातात घेऊनच जिना उतरली. शिवानंद तेवढा राहिला. त्याच्या असण्याबद्दल अजून कुणी 'हो हो' म्हटलं नव्हतं.

मग मात्र नीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बोळातून बाहेर आल्या. बोळ पुन्हा आवळला होता, खांदे दोन्ही भिंतींना घासले. शिवानंद आणि रूपाली पोहे खात होते.

"माझ्या एकटीच्याच रक्तात आहे का रे?" त्या ओरडल्या. "दोन्ही प्रती माझ्यात, तर एक तुझ्यात असणारच! डॉक्टर तोंडावर बोलला ना तुझ्या? ते कुठं टाकून आलास? तेही आण ना रुमालात बांधून!"

शिवानंदचा घास तोंडाशीच राहिला. रूपालीनं नवऱ्याकडं पाहिलं. हळूहळू तिचा चेहरा मऊ होत गेला. तो मऊपणा नीलाबाईंनी ओळखला. शब्द परत घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"कालच मी सिलिंडर लावून घेतला, वास येत नाही ना बघ," शिवानंद काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला.

"हो हो," रूपाली म्हणाली. "लावलात तुम्ही."

शेगडीखालची नळी मोकळी लोंबत होती.

त्यानंतर ते भराभर घडलं. त्याची स्कूटर गेली, आणि जिन्याखालचा तिच्या तेलाचा डागही. त्याचा चष्मा गेला. "कालचं काम बँकेत राहिलंय," म्हणून तो कामावर निघाला, त्यावरही 'हो हो' पडला, आणि दुपारीच तो परत आला. बँकेच्या जागी रसाचं गुऱ्हाळ होतं. रसवाल्यानं त्याला एक ग्लास दिला आणि इथं कधी बँक होती हे काही कबूल केलं नाही. "पण तो भांडला तरी माझ्याशी," शिवानंद म्हणाला, "म्हणून माझी खुर्ची तेवढी राहिली. गुऱ्हाळात आहे. तिच्यावर ऊस ठेवलाय."

"मी तिथं एवढी वर्षं नोकरी केली, रूपाली!" तो ओरडला.

"हो हो," ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "केलीत ना. बसा बरं शांत."

त्याचे मिशीतले पांढरे केस एकदम काळे झाले, कारण ते त्या वर्षांत पिकले होते. तो बसला नाही. तो बोळात शिरला, तिरका होऊन, आणि आईच्या खाटेच्या पायथ्याशी दोन्ही भिंतींच्या मध्ये अडकून उभा राहिला. हा माणूस आता घाबरलेल्या पोरासारखा दिसत होता.

"आई, मी शाळेत धावण्यात पहिला आलो होतो. आलो होतो ना?"

"खोटं!" नीलाबाई तडकल्या. "तिसरा आलास! आणि तेही दोघं पडले म्हणून!"

त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "एकच पडला होता!"

"दोघं! त्या हिरेमठाच्या पोराचा दात पडला, मी स्वतः पाहिला."

तो भिंतीला टेकला. भिंत थोडी मागं सरली. मग त्यानं विचारलं, "आई, आजी आधी कशी होती? मला ती उंबऱ्यावरचीच आठवते. आमची हॉस्टेलवरची पोरंही उद्या मला तसंच आठवतील..."

नीलाबाईंनी दाराकडं पाहिलं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत होता. त्या पुढं वाकल्या. "सांगते. पण भांडायचं. एक शब्द सरळ मान्य करायचा नाही. आईची शपथ आहे तुला."

"कुठल्या आईची? तू काय मोठी लागून गेलीस?" शिवानंद म्हणाला. त्याला जमत होतं.

"तुझी आजी विहिरीत पोहायची."

"हट्! आजी? तिला न्हाणीघरातल्या पाण्याची भीती वाटायची. ओरडायची ती अंघोळीला."

"ते नंतर! आधी काठावरून उडी टाकायची. मला शिकवलं तिनं. पाठीला भोपळा बांधून."

"भोपळ्यानं माणूस तरंगतंय होय? डबा असेल. रिकामा तेलाचा डबा."

"भोपळा!"

"डबा!"

बोळात गारवा आला. शेवाळाचा वास आला. फरशीवर, दोघांच्या मध्ये, दोन ओले पाय उभे राहिले, घोट्यापर्यंत. त्यांच्याभोवती पाण्याचं थारोळं वाढत होतं.

"आणि हसायची," नीलाबाई ओरडल्या. त्यांचा घसा बसत चालला होता. "पाण्यात असताना, जोरात!"

"आजी हसायची? कधीच नाही! मी तिला एकदासुद्धा हसताना पाहिलं नाही!" शिवानंदच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि तो जीव तोडून भांडत होता. "खोटारडी आहेस तू!"

पायांवर पोटऱ्या आल्या. गुडघे आले. काचा मारलेल्या लुगड्याचा काठ आला, टपटप गळणारा. कमरेवर एक हात आला. मान आली, पण चेहऱ्याच्या जागी अजून फक्त ओले केस होते, आणि त्या केसांच्या आत कुणीतरी हसायला श्वास घेत होतं.

बोळाच्या तोंडाशी रूपाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात कोरडा टॉवेल होता. तिनं घामाघूम नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा मायेनं भरून आला. तिनं तोंड उघडलं.